माठाच्या पोटातली तहान

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे, असे सांगायला आता माझे तोंड जागेवर नाही. ते तिकडे काटेरी झुडपाखाली उपडे पडले आहे, आणि पोटाचे तुकडे इथे जुन्या पाटाच्या काठावर विखुरले आहेत. तरी बोलतो. फुटलेल्या भांड्याला कोणी गप्प बस म्हणत नाही, फुटण्याचा तेवढाच एक फायदा.

तुम्ही उभे आहात ती जागा हुहुगमांच्या गावाची आहे. हुहुगम म्हणजे संपून गेलेले. ओओधाम माणसे, म्हणजे या वाळवंटात राहणारी माझी माणसे, त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात आणि त्यांना आजा-आजी म्हणतात. तेव्हा जरा जपून पाय टाका. आणि हातात काही उचलले असेल, तर माझे सांगून होईपर्यंत ते खिशात घालू नका.

मला रुपेर्ताने घडवले. आमच्या वस्तीचे नाव कोरडी विहीर. विहीर काही कोरडी नव्हती, पण वाळवंटात पाण्याची बढाई मारू नये, म्हणून जुन्या लोकांनी तसे नाव ठेवले असावे. त्या वस्तीत रुपेर्ताच्या हातचा माठ नाही असे घर नव्हते. ती विधवा होती. हात मऊ आणि जीभ तिखट. तिचा मुलगा तेओदोरो गुरे राखायचा. त्याची बायको इग्नासिया लांबच्या वस्तीतून नवीनच आलेली, पहिलटकरीण, आणि सासूला जरा भिऊन असणारी. शेजारच्याच झोपडीत रुपेर्ताचा धाकटा दीर सिरिलो राहायचा. घोड्याच्या केसांचे दोर वळणे आणि वहिनीची थट्टा करणे, हे त्याचे दोन उद्योग.

मित्रांनो, नुसती माती भाजली की ती तडकते. तिच्यात काहीतरी खरखरीत मिसळावे लागते. रुपेर्ता जुन्या खापऱ्या दगडावर वाटून त्यांची पूड मिसळायची, आणि त्या खापऱ्या यायच्या इथून, या संपून गेलेल्यांच्या गावातून. पण त्याला एक नियम होता. पावसाने धुऊन वर आणलेले असेल तेवढेच उचलायचे, कारण ते त्यांनी दिलेले. मातीखाली असेल ते त्यांनी ठेवलेले, त्याला हात लावायचा नाही. उचलण्याआधी जमिनीवर ओंजळभर पाणी ओतायचे आणि मोठ्याने सांगायचे, "वर आलेलं तेवढंच नेते." वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होते.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. त्याच्या आदल्या वर्षीही फिरवली होती. पाऊस नाही म्हणून जमीन धुपली नाही, आणि जमीन धुपली नाही म्हणून खापऱ्या वर आल्या नाहीत. रुपेर्ताने सुनेला पाठवले, तर ती अर्धीच टोपली घेऊन परतली.

"एवढंच?" रुपेर्ता म्हणाली. "तुझ्या माहेरी अर्ध्या टोपलीला भरलेली म्हणतात वाटतं?"

"वर काही नाहीच, सासूबाई. पाऊस कुठं झालाय?"

"डोळे उघडे ठेवून चाललं की दिसतं. दिवस भरत आले तरी मी दोन-दोन टोपल्या आणायचे."

सिरिलो मांडवात बसून दोर वळत होता. तो म्हणाला, "आणि आमची आई काय म्हणायची ते नाही सांगितलंत, वहिनी. 'दुसरी टोपली अर्धीच का गं?'"

सगळे हसले. रुपेर्ताही हसली. इग्नासिया मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच पुन्हा आली आणि शिगोशीग टोपली घेऊन गेली. जाड, चांगल्या भाजलेल्या खापऱ्या, बदामी रंगावर तांबड्या रेघा ओढलेल्या.

"बघ, मिळाल्या की नाही?" रुपेर्ता खूश होऊन म्हणाली.

इग्नासिया हात धूत होती. तिचे हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. सासूने टोपलीकडे पाहिले, हातांकडे पाहिले नाही.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, मग हे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. त्या खापऱ्याच आता माझ्या अंगात आहेत, म्हणून ठाऊक. पाटाच्या काठाला रानउंदराने बीळ केले होते. बिळाच्या तोंडाशी थोडे तुकडे पडलेले होते, ते इग्नासियाने उचलले. मग आतला एक दिसला. मग त्याच्या मागचा. उंदराने काढले आहे, मी नाही, असे मनाशी म्हणत ती खांद्यापर्यंत आत गेली. तिथे एक मडके होते आणि मडक्यात एका बाईची राख होती. तिने ओढले तेव्हा मडक्याचे वरचे अर्धे तुकडे होऊन हातात आले आणि खालचे अर्धे राखेसकट आत राहिले. पाणी ओतायचेही तिच्या ध्यानात राहिले नाही. प्यायलाच पाणी थोडे होते.

त्या खापऱ्या दगडावर वाटल्या गेल्या. पीठ झाले की कोण कोणाचे ते कळत नाही, असे माणसांना वाटते. ज्याचे पीठ होते त्याला कळते.

मग रुपेर्ताने मला घडवले. आतून गोटा धरला, बाहेरून थापी मारली, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले, पुन्हा थापी मारली. माझे पोट गोल होत गेले तशी ती गुणगुणू लागली. त्या खेपेला भट्टीत आणखीही माठ होते. त्यांच्यात आधीच्या अर्ध्या टोपलीतली, वर आलेल्या खापऱ्यांची पूड होती. ते सगळे तडकले. मी एकटा धडधाकट बाहेर आलो. रुपेर्ताने मला टिचकी मारली, तर मी घंटेसारखा वाजलो आणि वाजतच राहिलो. तिने बोट मागे घेतले तरी वाजत होतो. तिच्या कपाळाला एक आठी पडली, पण चांगला माठ हाती आल्यावर आठी किती वेळ टिकणार?

उरलेल्या मातीची तिने एक वाटी केली होती, तळहातात मावेल एवढी. ती माझी धाकटी बहीण. रुपेर्ता टोपल्या विकायला रेल्वे स्टेशनवर गेली तेव्हा तिलाही घेऊन गेली. गाडीच्या खिडकीतून एका बाईने हात बाहेर काढला. तिच्या टोपीला पीस होते. तिने वाटी घेतली आणि फुलाफुलांचे चिटाचे कापड दिले. गाडी निघून गेली. या वाटीला विसरू नका, तिच्याकडे मला परत यायचे आहे.

मला मांडवात मेस्कीटच्या, म्हणजे इथल्या काटेरी झाडाच्या, मेढीच्या बेचक्यात बसवले. आणि मित्रांनो, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण माझ्याइतके गार पाणी त्या वस्तीत कोणी प्यायले नव्हते. उन्हातून आलेला गडी दोन घोट घेऊन डोळे मिटायचा. शेजारणी काही ना काही निमित्त काढून यायच्या.

"वहिनी, या माठानं कमाल केली," सिरिलो म्हणायचा. "याच्यात तुमची जीभ बुडवून बघा एकदा, तीपण गार होईल."

"तुम्ही आधी तुमचं डोकं बुडवा, भावजी."

असे चार दिवस सुखाचे गेले. मग पाणी कमी होऊ लागले.

भरलेला माठ संध्याकाळी झाकून ठेवावा आणि सकाळी तो पोटापर्यंत उतरलेला असावा. आधी कुत्र्याचे नाव घेतले. मग शेजाऱ्यांच्या पोरांचे. मग माझ्या तोंडावर फळी ठेवली आणि फळीवर दगड ठेवला. सकाळी दगड जिथल्या तिथे आणि पाणी पोटापर्यंत. माझ्या बुडाखालची जमीन हाताने चाचपून पाहिली, ती कोरडी होती. माठ झिरपतो हे मीही मान्य करतो, त्याशिवाय तो गार कसा करील? पण हे पाणी बाहेर जात नव्हते. ते आत जात होते. माझ्या अंगात दळलेल्या कणाकणाला तहान होती, आणि तिच्यापुढे माझे काही चालत नव्हते.

ती राखेतली बाई कोण, कशी होती, मला ठाऊक नाही. एवढेच ठाऊक होते, की दुपारी वारा अगदी पडला, मांडवावरचे पान हलेनासे झाले, की माझ्या तोंडातून हुं असा आवाज निघायचा. तो माझा नव्हता. सिरिलोने एकदा तो ऐकला. त्यानंतर त्याने माझी थट्टा केली नाही.

मग इग्नासियाला तहान लागली. पोटुशीला तहान लागतेच, म्हणून आधी कोणी मनावर घेतले नाही. पण ती वाटीमागून वाटी पिऊ लागली आणि ओठ तरी फुटलेलेच. भाजलेल्या रानशेंगांची लापशी पुढे ठेवली तर तोंड फिरवायची. मग अंगात ताप भरला. तिचे अंथरूण मांडवात माझ्या मेढीशी घातले, कारण दुसऱ्या माठाचे पाणी ती थुंकून टाकायची.

"ती बाई पुन्हा आली होती," एका सकाळी ती म्हणाली.

"कोण बाई?" रुपेर्ताने विचारले.

"वाळलेली. काही बोलत नाही. रिकामे हात पुढं करते."

"तापात दिसतं काहीबाही," रुपेर्ता म्हणाली आणि तिच्या पोटावर हात ठेवला. तो हात तिने बराच वेळ काढला नाही. आतले बाळ आदल्या दिवसाइतके हलत नव्हते.

तेओदोरो घोडा दौडवत पलीकडच्या वस्तीतल्या जाणत्याकडे गेला. परतला तेव्हा घोड्याच्या तोंडाला फेस होता आणि त्याचे स्वतःचे तोंड उतरले होते.

"तो म्हणाला, खालचं काहीतरी वर आलंय. तुमच्या घरात आहे. ज्याचं त्याला परत केलं नाही, तर बदल्यात दोघांना नेतील."

दोघांना म्हणजे कोणाला, हे कोणी विचारले नाही. इग्नासिया झोपेत पोटाशी हात धरून होती.

मग घर उलटेपालटे झाले. तेओदोरोच्या टोपीला शिवलेला शंखाचा मणी निघाला. तो कधीतरी गुरांमागे फिरताना त्याला सापडला होता. छपरात खोचलेले दगडी बाणाचे टोक निघाले. सिरिलोच्या झोपडीच्या दाराला अडण म्हणून लावलेली जुनी दगडी कुऱ्हाड निघाली.

"ही मला बापानं दिलीय," सिरिलो म्हणाला.

"आणि तुमच्या बापाला कुणी दिली?" रुपेर्ताने विचारले.

सिरिलोने कुऱ्हाड गाठोड्यात टाकली. रुपेर्ताने कोपरान् कोपरा झाडला. मला मेढीवरून उचलून माझ्याखालीही पाहिले. माझ्यात कोणी पाहिले नाही. नव्या माठाचा संशय कोणाला येणार? तो तर तिने स्वतःच्या हाताने घडवलेला. आणि मला परत जागेवर ठेवून, माझ्यातलेच पाणी काढून तिने सुनेच्या तोंडाला लावले. मित्रांनो, मला तोंड होते, पण आवाज नव्हता. त्या वेळी मला आवाज असता, तर मी फुटेपर्यंत ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. आजा-आजींना द्यायचे पाणी चांगले हवे, म्हणून रुपेर्ताने मला काठोकाठ भरून गाडीत ठेवायला सांगितले. तेओदोरोने मला उचलताच इग्नासिया ताडकन उठून बसली. कितीतरी दिवसांत ती अशी उठली नव्हती.

"माठ नेऊ नका."

"अगं, संध्याकाळी परत आणू," तेओदोरो म्हणाला.

"मग मीपण येते." तिने दोन्ही हातांनी माझी मान धरली होती. नवऱ्याने बोटे सोडवायचा प्रयत्न केला, पण ती सुटली नाहीत. शेवटी तिला गाडीत माझ्या शेजारी निजवले आणि वर कापड बांधले.

सग्वारो, म्हणजे खांबासारखे उंच निवडुंग, पिकायचा महिना होता. वाटेवर फळे फुटून लाल दिसत होती, पण त्यांच्यावर पाखरू नव्हते. गाव जवळ आले तसे घोडे कान मागे टाकू लागले आणि पहिल्या उंचवट्यापाशी थांबले. तेओदोरोने चाबूक उगारला, तर सिरिलोने त्याचा हात धरला. "इथून पायी जायचं," तो म्हणाला.

मला खाली उतरवून इथे ठेवले, बरोबर इथे. माझ्या अंगातली तहान कुठली, हे मला कळले ते तेव्हा. आतले पाणी आपोआप थरथरत होते. आजूबाजूला पाहण्यासारखे काही नव्हते, आणि भीती वाटायला तेवढे पुरे होते. घरांच्या जागी बसक्या खळग्या. आजा-आजी जिथे चेंडू खेळायचे ती लांबट मोठी खळगी, तिच्यातून आडवे जायला सिरिलोने नकार दिला. कडेने वळसा घातला. झिजलेले पाटे, जळके दगड, खापऱ्या. आणि मध्ये आटलेले तळे, त्याच्या तळाची माती उललेली.

"एवढं मोठं तळं होतं. पाट होते. हातानं खणलेले, मैलोन् मैल," सिरिलो हळू आवाजात म्हणाला. "आपल्याकडे एक विहीर आहे."

"काका, आत्ता नको," तेओदोरो म्हणाला.

त्यांनी मणी ठेवला, टोक ठेवले, कुऱ्हाड ठेवली. रुपेर्ताने माझ्यातून वाटी भरून जमिनीवर ओतली आणि म्हणाली, "चुकून आलेलं परत आणलंय. आमची पोर सोडा." तिने खाली पाहिले. जमिनीवर ओल दिसत नव्हती. तिने दुसरी वाटी ओतली, तिसरी ओतली. ओतलेल्या पाण्याचा साधा डागही पडला नाही. कोरडी धूळ तशीच कोरडी होती. तिघेही त्या धुळीकडे पाहत राहिले, आणि कोणालाच पुढची वाटी ओतायचा धीर होईना.

तेवढ्यात गाडीवरचे कापड हलले. इग्नासिया खाली उतरली. तिच्याच्याने उठवत नव्हते, पण ती चालत आली, नवऱ्याच्या समोरून, सासूच्या समोरून, कोणाकडे न पाहता. पाटाच्या काठाशी ती गुडघ्यावर बसली, पोट सावरत कलंडली आणि उंदराच्या बिळात हात घातला. खांद्यापर्यंत.

"इग्नासिया!" तेओदोरो धावला.

"थांब," रुपेर्ता म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "हिला हे बीळ कसं माहीत?"

इग्नासियाने हात बाहेर काढला तेव्हा तिच्या हातात मडक्याचा खालचा अर्धा भाग होता. बदामी, वर तांबड्या रेघा. आत राख. कोपरापर्यंत तिचा हात राखाडी झाला होता, आणि या वेळी सासूने हाताकडे पाहिले.

"वरचं अर्धं कुठाय?" तिने विचारले.

इग्नासियाने माझ्याकडे बोट केले.

सिरिलोने वाकून माझ्या आत पाहिले. "दळलं," तो म्हणाला. "वहिनी, बाईचं मडकं दळलंत तुम्ही, आणि त्यातून पाणी पाजलंत."

"खापऱ्या वरच होत्या," इग्नासिया म्हणाली. आता ती रडत होती. "आधी वरच होत्या. उंदरानं काढल्या होत्या. मग टोपली भरेना."

"अर्धी आणली असतीस तरी चाललं असतं गं."

"तुम्ही तसं म्हणाला नाहीत."

रुपेर्ता माझ्याजवळ आली. माझ्या पोटावर तिने तळहात ठेवला, थापी मारण्याआधी ठेवायची तसा.

"आई, पाणी आहे त्यात," तेओदोरो म्हणाला. "सगळं पाणी त्यात आहे. निदान पखाल भरून घेऊ दे. परत जाईपर्यंत हिला काय पाजू?"

"अर्धं देऊन अर्धं ठेवलं, तर ते देणं नव्हे," सिरिलो म्हणाला.

तेओदोरोने बायकोकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले आणि पखाल खाली टाकली. रुपेर्ताने पायाशी पडलेला एक वरवंटा उचलला. तो वर आलेला होता, त्यांनी दिलेला. "इतका चांगला माठ माझ्या हातून पुन्हा होणार नाही," ती मला म्हणाली. "रागावू नकोस." मी रागावलो नव्हतो. मला फक्त वाईट वाटत होते, कारण तिचे डोळे भरले होते. तरी तिने घाव चुकवला नाही.

मी फुटलो. पाणी सांडले. मित्रांनो, ते वाहिले नाही. जमिनीने ते घोटाघोटाने घेतले आणि प्रत्येक घोटाचा आवाज आला. तो आवाज ऐकून घोडे खिंकाळले. आणि मग, सगळ्यात शेवटी, रुपेर्ताच्या पायाशी जमीन ओली दिसू लागली. हाताएवढी, मग टोपलीएवढी. रुपेर्ताने ते अर्धे मडके राखेसकट बिळात परत ठेवले, वर ओली माती लोटली आणि तिच्यावर माझे तुकडे मांडले. इग्नासिया तिथेच झोपी गेली. तिच्या कपाळाला हात लावून तेओदोरो रडू लागला, कारण ते गार लागत होते.

परतीच्या वाटेवर कोणाजवळ पाण्याचा थेंब नव्हता, पण इग्नासियाने पाणी मागितले नाही. त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. तिचे नाव एउलालिया ठेवले. सिरिलोने इथे येऊन सांगितले, म्हणून मला कळले. तो त्या उन्हाळ्यात अनेकदा इथे यायचा, पाणी ओतायचा आणि मला घरच्या बातम्या सांगायचा.

इथे संपले असते तर किती बरे झाले असते.

पुढच्या उन्हाळ्यात, सग्वारो पिकायच्या महिन्यात, इग्नासियाचे ओठ पुन्हा फुटले. ताप नव्हता, बाई दिसत नव्हती, पण तहान भागेना. आणि पाळण्यातली एउलालिया दूध पिऊनही आक्रोश करायची. सगळे तर परत केले होते. माठ परत केला होता. रुपेर्ता इथे येऊन माझ्या खापऱ्या एकेक करून पाहू लागली, आणि पाहता पाहता तिचा हात थांबला.

"वाटी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रुपेर्ता स्टेशनवर जाऊ लागली. टोपल्या नाहीत, माठ नाहीत, हातात फक्त ते चिटाचे कापड घडी करून. गाडी आली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक खिडकीत पाहायची. पिसाची टोपी दिसली की कापड वर करायची. लोक हसायचे, कोणी तिला खाऊ द्यायचे. ती म्हातारी झाली, गाड्या बदलल्या, टोप्यांची चाल गेली, तरी जातच राहिली. मातीखाली जाईपर्यंत तिने नवा माठ केला नाही.

इग्नासियाही गेली. आता एउलालिया येते. तिचे केस पांढरे झाले आहेत, गुडघे वाकत नाहीत. सग्वारो पिकू लागला की ती प्लास्टिकचा कॅन घेऊन येते, आधी आमच्यावर पाणी ओतते, मग उरलेले स्वतः पिते. माझ्या खालची ती अर्धी बाई तेवढ्यावर वर्षभर गप्प राहते. या वर्षी सग्वारो पिकून गळून गेला. एउलालिया अजून आलेली नाही. काल दुपारी वारा पडला होता, आणि बिळातून हुं असा आवाज आला.

म्हणून तुमच्याशी बोलायची पाळी आली, मित्रांनो. उचललेले आहे ते खाली ठेवा, हे तर आहेच. पण तळहातात मावेल एवढी बदामी रंगाची एक वाटी कोणाच्या तरी घरात असेल. आजीने प्रवासातून आणलेली, कपाटात शोभेला ठेवलेली, किंवा पाखरांना पाणी ठेवायला खिडकीत. टिचकी मारून पाहा. ती जास्त वेळ वाजत राहिली, तर ती माझी बहीण आहे. तिला घरी आणून सोडा. पाटाच्या काठाशी ठेवली तरी चालेल. येताना पाणी घेऊन या, आणि एउलालिया भेटली तर तिला सांगा.

आणि तोपर्यंत, रात्री भरून ठेवलेल्या त्या वाटीतले पाणी सकाळी बोटभर उतरलेले दिसले, तर उगाच मांजराला दोष देऊ नका.